स्त्रीवादी समीक्षा घेऊन मुलगी पुढे काय करेल?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी मराठी घेऊन एम.ए. करते आहे आणि प्रबंधिकेसाठी तिला स्त्रीवादी समीक्षा हवी आहे. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. यातून नोकरी मिळेल का, आणि हे शिकून ती घरात प्रत्येकाशी भांडत बसेल का? पत्राचा सूर पाहता दुसरी काळजी मोठी दिसते, म्हणून आधी तीच घेतो.

स्त्रीवादी समीक्षा म्हणजे साहित्यात स्त्रिया कशा रंगवल्या आहेत आणि त्या स्वतः काय लिहितात, हे तपासणं. या विषयात भांडायला नव्हे, मजकुरातून पुरावा काढायला शिकवतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलून तो पुरुषांत किती आहे, हे त्यांनी दाखवलं. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तेव्हाच्या कादंबऱ्यांचाही त्यांनी समाचार घेतला. समीक्षा म्हणतात ती हीच. (भाषा मात्र चांगलीच झणझणीत आहे, तेवढी तयारी ठेवा.)

पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे पुरुषांनी रंगवलेल्या बायका तपासणं हे एक काम, तर लिहित्या बायकांना शोधून वाचकांपुढे ठेवणं हे दुसरं. इंग्रजीत पहिलं काम अमेरिकन लेखिका केट मिलेट यांनी १९७० मध्ये केलं, दुसरं अमेरिकन समीक्षक एलेन शोवॉल्टर यांनी १९७७ मध्ये. तिसरा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो: ‘स्त्री’ म्हणताना नेमकी कुठल्या जातीची, कुठल्या घरातली? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलतं करून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी हाच प्रश्न विद्यापीठात लावून धरला. मुलीला चांगली प्रबंधिका लिहायची असेल, तर हा प्रश्न टाळून चालणार नाही.

आता नोकरी. प्रबंधिकेच्या विषयावर नोकरी ठरत नाही, पदवीवर ठरते. मराठी विषयात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली तर ती प्राध्यापकपदासाठी पात्र ठरते. नेटला स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषयही आहे, पण मराठी सोडून त्यामागे लागू नये, कारण महाविद्यालयांत त्या विषयाच्या जागा मोजक्याच. आणि स्पष्टच सांगतो, मराठीच्या कायम जागाही सहज मिळत नाहीत. अनेकांची पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर जातात. त्यामुळे शिकतानाच संपादन, मुद्रितशोधन किंवा अनुवाद यांपैकी एक काम तिने हातात धरावं. यूपीएससीचा विचार असेल, तर मराठी साहित्य तिथे वैकल्पिक विषय आहेच.

विषय नक्की करण्याआधी तिला एक काम द्या. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा १९३३ चा कथासंग्रह ग्रंथालयातून आणायला सांगा. शिकलेल्या, कमावत्या, लग्न रखडलेल्या मुलींच्या या कथांनी तेव्हा खळबळ उडवली होती. त्यातली एक कथा निवडून तिने चार पानं लिहावीत: कोण बोलतं, कोणाला बोलू दिलं जात नाही, पैसा कोणाच्या हातात आहे. प्रत्येक विधानापुढे कथेतलं वाक्य हवंच. चार पानं भरली आणि पाचवं घ्यावंसं वाटलं, तर विषय बिनधास्त घेऊ द्या. दुसऱ्याच पानावर नुसती मतं उरली, तर मार्गदर्शकांशी बोलून दुसरा विषय पाहावा. अर्ज भरेपर्यंत बदल करता येतो का, हे विभागात आधीच विचारून ठेवा.

ती चार पानं आपणही वाचा. शक्य झालं तर तिच्या आईलाही वाचायला द्या. पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही.

आपला,
करिअर मार्गदर्शक