शिंपल्यांचा तो ढीग कचरा नाही

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कॉफ्स हार्बरजवळचं सॉलिटरी आयलंड्स मरीन पार्क मासे आणि प्रवाळांसाठी आहे, मग तिथे ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा, वारसा म्हणून जपायचं तरी काय?

एकदा ओहोटीच्या वेळी तिथल्याच ॲरावाराच्या भूशिरापाशी जा. खडकांत दगडांच्या ठेंगण्या रांगा दिसतील. या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी गुंबायंगीर लोकांनी रचलेले हे मासे धरायचे बांध. भरतीबरोबर मासे आत येतात आणि पाणी उतरलं की तिथेच अडकतात. खेकडा शोधायला म्हणून यातला एक दगड जरी उलटवला, तरी बांध मोडतो.

वाळूच्या टेकडीतून डोकावणारे शिंपल्यांचे थरही नीट पाहा. लाटांनी टाकलेली टरफलं लहानमोठी आणि झिजलेली असतात. या थरात मात्र खाण्याजोग्या, पूर्ण वाढलेल्या शिंपल्याच जास्त, सोबत कोळशाचे तुकडे, कधी दगडाच्या कपच्या. पिढ्यान् पिढ्यांच्या जेवणाची ती जागा. वसाहतीच्या काळात सिडनीकडे असे कितीतरी ढीग चुन्यासाठी जाळले गेले, याचं मला आजही फार वाईट वाटतं. न्यू साउथ वेल्समध्ये १९७४ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. नकळत केलेलं नुकसानही गुन्हा ठरू शकतं, म्हणून एक शिंपलाही खिशात टाकू नका.

पाण्याखालचा वारसा वेगळाच. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहूनही खाली होता, म्हणजे आजचा उथळ तळ तेव्हा वस्तीची जमीन होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुरुजुगाजवळ १४ मीटर खोल, बुडालेल्या गोड्या झऱ्यापाशी दगडी हत्यार सापडलं; २०२० मध्ये ते जाहीर झालं. तरीही केंद्राच्या २०१८ च्या कायद्यात बुडून ७५ वर्षं उलटलेल्या जहाजाला आपोआप संरक्षण मिळतं आणि ॲबोरिजिनल स्थळासाठी मंत्र्यांनी वेगळी घोषणा करावी लागते. हे मला अजिबात पटत नाही.

आणि वारसा म्हणजे नुसते दगड-शिंपले नव्हेत. कुठल्या ऋतूत काय काढायचं, किती सोडायचं, हे आजी नातवाला पाण्यात उभं करून शिकवते. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तिथल्या मूळ रहिवासी यूइन लोकांना अबालोन (खाण्याची समुद्री गोगलगाय) काढल्याबद्दल दंड झाले, काहींना तुरुंगही. मासा वाचवायचा म्हणून माणसालाच किनाऱ्यावरून हाकललं, तर ही विद्या दोन पिढ्यांत संपेल. ग्रेट बॅरियर रीफवर २००५ मध्ये गिरिंगुन या मूळ रहिवासी गटांशी असा पहिला करार झाला, त्यात कासवं आणि ड्यूगाँग (समुद्रगाय) यांच्या शिकारीचे नियम ठरवण्यात मूळ मालकांचाच हात आहे. मला ही वाट बरोबर वाटते.

ॲरावाराला जाताना ओहोटीची वेळ बघून निघा, आणि बांधावर पाय देऊ नका.