हाताशी पैसे नसताना गावात सेवाभावी गट कसा सुरू करावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाव अमळनेर तालुक्यातलं आहे, तुम्ही आठ मित्र आहात आणि सगळ्यांची मिळून महिन्याला दोन हजारांच्या वर ऐपत नाही. वह्यावाटप, वृक्षारोपण, पाणपोई, रक्तदान, वृद्धांची सेवा असं सगळंच मनात आहे. आधी संस्था रजिस्टर करावी की आधी काम, एवढंच ठरत नाहीये.

माझं सरळ मत सांगतो. नोंदणी सध्या राहू द्या आणि यादीतल्या पाचपैकी चार गोष्टींवर काट मारा. पैसा कमी आणि माणसाचा वेळ जास्त लागतो, असं एकच काम धरा.

वृक्षारोपण पहिल्यांदा कापा. जुलैत खड्डा खणून रोप लावायला कोणीही येतं. खरं काम फेब्रुवारी ते जूनमध्ये असतं. आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो तेव्हा टँकरचे पैसे कोण देणार आणि ड्रम कोण वाहणार, हे आधी ठरलेलं नसेल तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावावं लागतं. वह्या जूनमध्ये सगळेच वाटतात. शाळेतल्या पोराकडे कधीकधी तीन ठिकाणच्या वह्या असतात आणि चष्म्याचा नंबर मात्र कोणी तपासलेला नसतो. पाणपोई चांगली, पण ती दोन-अडीच महिन्यांची. रक्तदान शिबिर वर्षातून एकदा रक्तपेढीला बोलावून होतं, त्यासाठी वेगळा गट कशाला?

उरली वृद्धांची सेवा. आम्ही पारोळ्याजवळच्या एका गावात काही वर्षांपासून रुग्णोपयोगी साहित्याचं केंद्र चालवतो, म्हणजे वॉकर, काठ्या, कमोड खुर्ची, बॅकरेस्ट, व्हीलचेअर, हवेची गादी. गरज असेल त्याला डिपॉझिटवर द्यायचं, भाडं शून्य. शहरांत अशी केंद्रं जागोजागी आहेत, खेड्यात कमी. मी औषधाच्या दुकानात काम करतो. दुकानात येऊन माणूस विचारतो, "भाऊ, मायले कमोडनी खुर्ची लागस, शे का?" तेव्हा कळतं की ही गरज दवाखान्याच्या बिलात कुठेच दिसत नाही.

भांडवलाचं काय, तर बरंचसं सामान गावातच पडून असतं. आजी गेल्या, वॉकर माळ्यावर गेला. वडील गेले, कमोड खुर्ची गोठ्यात गेली. कोणाच्या दारावर सांत्वनाला बसायला गेल्यावर लगेच विचारू नका. गंधमुक्ती म्हणजे मृत्यूनंतरचे विधी आटोपल्यावर, आठवड्याभराने घरातल्या कर्त्या माणसाला विचारा. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण टाकवत नाही आणि विकायला लाज वाटते. वर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ऑइलपेंटने लिहून द्या, तेवढीच त्यांची अपेक्षा असते. पुण्या-सुरतला गेलेली पोरं तर कधीकधी त्यावर एखादी नवी वस्तूही घेऊन देतात.

नवं घ्यायचंच असेल तर व्हीलचेअरपासून सुरुवात करू नका. ती फोटोत शोभते, पण आपल्या धाब्याच्या घरांचे दरवाजे अरुंद, त्यात उंबरा. खुर्ची अंगणातच राहते. आधी वॉकर आणि कमोड खुर्ची घ्या, हजार-दोन हजारांच्या आसपास येतात आणि सर्वात जास्त फिरतात. गुडघे किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीला संडासला खाली बसता येत नाही, आणि या कामासाठी सुनेला किंवा लेकाला हाक मारणं तिला मरणाचं वाटतं. त्या खुर्चीने घरातलं अर्धं ओझं उतरतं. व्हीलचेअर पुढे घ्याल तेव्हा भरीव चाकांची घ्या. ट्यूबवाली घेतली तर बाभळीचे काटे आठवड्यात तिचा निकाल लावतात.

हवेच्या गादीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दान देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही तिचं काम नीट माहीत नसतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेवर, टाचांवर, खुब्यावर सतत दाब पडतो. तिथलं रक्त फिरणं थांबतं आणि कातडी कुजायला लागते. तेच ते बेडसोर. गादीला एक छोटी मोटार असते. ती आलटून पालटून एका फुग्यातली हवा कमी करून दुसऱ्यात भरते, म्हणजे दाब एकाच जागी राहत नाही. पण गादी दिली म्हणजे झालं असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. लाइट गेली की मोटार बंद, हवा हळूहळू उतरते आणि माणूस पलंगाच्या फळीवर येतो. खेड्यात हे रोजचं. त्यामुळे गादी देताना आमच्यातला एक जण सोबत जातो, घरच्यांना कूस कशी वळवायची ते करून दाखवतो, आणि टाच लाल झाली की डॉक्टरकडे जा म्हणून सांगून येतो. ऑक्सिजनची मशीन मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणालाच देऊ नका, ओळखीच्यालाही नाही. खरं तर सुरुवातीला ठेवूच नका.

डिपॉझिट घ्याच. किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पुरे. ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी गावातल्या एका माणसाचा शब्द घ्या. वही साधी ठेवा: वस्तूचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, फोन, तारीख, डिपॉझिट, परत आल्यावर अवस्था, सही. डिपॉझिटचे पैसे ही तुमची वर्गणी नव्हे, ते लोकांचे आहेत. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि कितीही नड आली तरी त्यातून नवी वस्तू घेऊ नका. वस्तू परत आली की साबणाच्या पाण्याने धुवून, पुसून वाळवायची. ऊन आपल्याकडे उदंड आहे, पण रबर आणि हवेची गादी त्या उन्हात कडक होऊन चिरतात, त्या सावलीत वाळवा. वॉकरच्या पायाचे रबरी बूट झिजले की तो फरशीवर सरकतो आणि मदतीला दिलेली वस्तूच माणसाला पाडते. ते बूट स्वस्त मिळतात, चार-सहा जोड कायम हाताशी ठेवा.

याच कामाला लागून एक बिनपैशाचं काम आहे ते म्हणजे कागदपत्रं. सामान द्यायला घरात गेलं की दिसतं, म्हातारा ६५ च्या पुढचा आहे आणि श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचा अर्जच केलेला नाही, कारण वार्षिक उत्पन्नाचा दाखला एकवीस हजारांच्या आतला लागतो आणि तो कसा काढायचा हे माहीत नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी खात्यात एकदा तीन हजार रुपये. दिव्यांगांना ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या योजनेतून साधनं मिळतात, त्यासाठी तपासणी शिबिरं भरतात. तुमच्या आठांपैकी ज्याला फॉर्म भरायला आवडतं त्याने तहसील आणि सेतू केंद्राचं (दाखले मिळतात ते) काम घ्यावं. माझ्या मते गादीपेक्षा याने घराला जास्त फायदा होतो. फक्त फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून ते कोणी करत नाही. अर्ज करण्याआधी निकष तहसीलमध्ये पुन्हा बघून घ्या, ते बदलतात.

आता नोंदणी. महाराष्ट्रात संस्था काढायची तर किमान सात जण लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दोन्ही काम धर्मादाय कार्यालयातच होतं, तुमच्यासाठी जळगावला. आठ जण आहात म्हणजे आकडा जमतो. पण नंतर दरवर्षी हिशेब तपासणी, सीएची फी, आणि कार्यकारिणीत एक माणूस बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज. कामापेक्षा कागद मोठे झालेल्या संस्था आपल्या भागात कितीतरी आहेत. अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडतात आणि वॉकर तसाच माळ्यावर राहतो.

'८०जी (म्हणजे देणगीदाराला मिळणारी करसवलत) शिवाय कोणी देणगी देत नाही' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. तसं फारसं राहिलेलं नाही. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही आणि बरेच नोकरदार आता तिकडे गेलेत. जुन्या प्रणालीतल्यांनाही दोन हजारांवरच्या रोख देणगीवर सवलत नाही. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी साधारण तीन वर्षांचं काम दाखवल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे ते सध्या सोडून द्या. तोवर गावात आधीच नोंदणी असलेलं वाचनालय किंवा मंडळ असेल तर त्यांच्याशी ठराव करून त्यांच्या छत्राखाली काम करा, मोठी देणगी त्यांच्या पावतीवर घ्या. तसं काही नसेल तर दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं संयुक्त बचत खातं काढा आणि महिन्याच्या एक तारखेला पासबुकाच्या फोटोसकट हिशेब व्हॉट्सॲप गटावर टाका. दहा रुपयांचा रबरी बूटही त्यात आला पाहिजे.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. आपापसात वर्गणी काढणं वेगळं आणि डबा घेऊन बाजारात फिरणं वेगळं. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर त्याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. बाहेरचा पैसा नियमित यायला लागला की मग नोंदणीला जा, तेव्हा तिचा खर्च अंगावर येणार नाही.

माणसांचं म्हणाल तर आठांचे तीन होतील हे गृहीत धरा. कापूस वेचणीत कोणी सापडत नाही, अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नं, श्रावणात कानबाईचा उत्सव. म्हणून साप्ताहिक बैठक वगैरे नको. दोघांकडे चाव्या, एकाकडे वही, आणि एक फोन नंबर जो दर महिन्याला पाळीपाळीने दुसऱ्याकडे जाईल. चोख हिशेब ठेवणारा माणूस मिळाला तर अध्यक्ष नसला तरी चालतो.

राजकारणाचं तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच. निवडणुकीआधी कोणीतरी चार नव्या व्हीलचेअर देऊ करेल आणि त्यावर आपला फोटो चिकटवायला सांगेल. वस्तू घ्या, फोटो नाही, असं आम्ही सांगतो. निम्मे जण तरी देतात. घेणाऱ्याचा फोटो तर कधीच काढू नका. म्हातारा माणूस कमोड खुर्ची नेताना त्याच्या हातात ती देऊन तुम्ही पाच जण फोटोसाठी हसत उभे राहिलात, तर पुढचा गरजू तुमच्याकडे येण्याऐवजी मांडीवर हात टेकत उकिडवाच बसेल.