वाचकांचे प्रश्न : डर्बेचे बिशप, मुक्काम मुंबई

प्रश्न : मुंबईचे कापुचिन (फ्रान्सिस्कन परंपरेतल्या एका संन्यासी संघाचे) बिशप अनस्तासियुस हार्टमन यांना ‘डर्बेचे बिशप’ असेही म्हटलेले आढळते. डर्बे तर आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. मग ते नेमके कुठले बिशप?

उत्तर : डर्बेचा कारभार त्यांच्याकडे कधीच नव्हता. बिशपपदाच्या अभिषेकाला कुठल्या ना कुठल्या धर्मप्रांताचे नाव लागते. मिशनच्या मुलखात रीतसर धर्मप्रांत नसेल, तर रोम एखाद्या लयाला गेलेल्या प्राचीन धर्मप्रांताचे नाव देते आणि प्रत्यक्ष कारभार ‘व्हिकर अपोस्टोलिक’, म्हणजे पोपचे प्रतिनिधी, या नात्याने चालतो. स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न परगण्यात १८०३ मध्ये जन्मलेले हार्टमन १८२१ मध्ये कापुचिन झाले. भारतात ते आधी पाटण्याचे व्हिकर होते. १८४९ मध्ये मुंबईचा कारभार त्यांच्याकडे आला.

अशा बिशपला धर्मगुरूंना दीक्षा देण्याचे, दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराचे) सर्व अधिकार असतात, त्यात काही उणे नाही. अडचण हद्दीची होती. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या ‘पाद्रोआदो’ हक्कामुळे, म्हणजे पूर्वेकडील चर्चच्या आश्रयदातेपणामुळे, गोव्याचे आर्चबिशपही मुंबईवर दावा सांगत. १७९४ पासून शहरातली काही चर्चे त्यांच्याकडे, काही व्हिकरकडे. त्यामुळे एखाद्या चर्चमधले लोक आपल्या बिशपवर नाराज झाले, की दुसऱ्या बाजूला जाण्याची वाट मोकळीच! १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हेच घडले. चर्च हातचे जाऊ नये म्हणून हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले आणि विरोधकांनी बाहेरून वेढा घातला. तरीही चर्च पाद्रोआदोकडे गेलेच. मुंबईला स्वतःचे आर्चबिशप १८८६ मध्ये मिळाले, पण दुहेरी सत्ता संपायला १९२८ उजाडले.

हार्टमन यांचे टिकलेले काम आमच्या मते वेगळेच आहे. १८५० मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘बॉम्बे कॅथलिक एक्झॅमिनर’ हे नियतकालिक आजही ‘द एक्झॅमिनर’ या नावाने निघते. पुढे ते पाटण्याला परतले आणि १८६६ मध्ये तिथेच कुर्जीला पटकीने वारले.

प्रश्न : बिशप झाल्यावर फ्रायरची (कापुचिनांसारख्या संघातल्या संन्याशाची) व्रते सुटतात का?

उत्तर : नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेच्या कलम ७०५ नुसार तो आपल्या संघाचा सदस्यच राहतो; मात्र आज्ञापालनाच्या व्रताने तो फक्त पोपला बांधील असतो, संघाच्या वरिष्ठांना नाही. बिशपपदाशी न जुळणारी बंधने कोणती, हे त्याने विवेकाने ठरवायचे. कापुचिनांसारखा मालकीहक्क सोडलेला बिशप मिळालेली वस्तू वापरू शकतो, सांभाळू शकतो, मालकी धर्मप्रांताची.