वाचक विचारतात : पोर्ट हिरवा, फोन मुका

प्रश्न : महाबळेश्वरच्या आमच्या हॉटेलात खोल्यांमधले जुने फोन २४ पोर्टांच्या गेटवेवरून आयपी एक्स्चेंजला जोडले आहेत. गेटवेच्या स्टेटस पानावर सगळ्या पोर्टांपुढे हिरव्या अक्षरांत ‘रजिस्टर्ड’ दिसते. तरी पावसाळ्यात रोज दोन-तीन खोल्यांना रिसेप्शनवरून फोन लावला की बिझी टोन येतो. हे पान कितपत भरवशाचे?

उत्तर : पान भरवशाचे आहे, पण तुम्ही चुकीचा रकाना वाचता आहात. ‘रजिस्टर्ड’ म्हणजे त्या एक्स्टेन्शनच्या नावाने गेटवेने एक्स्चेंजकडे हजेरी लावली, एवढेच. तांब्याच्या जोडीच्या दुसऱ्या टोकाला फोन आहे की ती जोडी उंदरांनी कुरतडली आहे, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. पोर्टात वायर न घालताही तो रजिस्टर्डच दिसेल.

तुम्हाला हवा तो रकाना ‘हुक’चा. फोनला वीज आणि रिंग पुरवणारा हा पोर्ट एफएक्सएस प्रकारचा असतो. रिसीव्हर ठेवलेला असताना तो जोडीवर साधारण ४८ व्होल्ट डीसी ठेवतो आणि करंट जवळपास शून्य असतो, ही ऑन-हुक स्थिती. रिसीव्हर उचलला की वीस-पंचवीस मिलिअँपिअर वाहू लागतात आणि व्होल्टेज सहा ते बाराच्या आसपास उतरते. ही ऑफ-हुक. गेटवेला कळते ते फक्त करंटवरून. जॉइंटमध्ये पाणी शिरले आणि त्यातून पुरेसा करंट वाहू लागला, की खोलीत कोणीतरी फोन उचललाय असे तो समजतो आणि येणाऱ्या कॉलला बिझी सांगतो.

पहाटे तीनच्या सुमारास हे पान उघडा. त्या वेळी ऑफ-हुक दिसणारे पोर्ट संशयित. आधी त्या खोल्यांतले रिसीव्हर नीट ठेवले आहेत ना, हे हाउसकीपिंगकडून बघून घ्या. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्या पोर्टांसाठी एमडीएफवर (सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती मुख्य चौकट) क्रोन मॉड्यूलमध्ये (तारा दाबून बसवायची पट्टी) त्या जोडीचा डिस्कनेक्शन प्लग घाला, म्हणजे खोलीकडची बाजू सुटी होईल. दहा सेकंद थांबून पान रिफ्रेश करा. पोर्ट ऑन-हुक झाला तर दोष केबलमध्ये किंवा फोनमध्ये आहे. वायर सुटी करूनही ऑफ-हुकच राहिला तर पोर्टाचे सर्किट गेले. विजा कडाडून गेल्यावर हे हमखास दिसते. अशा वेळी जंपर (पोर्टाकडून जोडीला जाणारी जोडवायर) रिकाम्या पोर्टावर हलवा, खोलीचा नंबर त्या पोर्टाला द्या, आणि क्रोनवर गॅस डिस्चार्ज ट्यूबची (विजेचा झटका जमिनीत उतरवणारी) पट्टी बसवून तिची अर्थिंग तपासा. अर्थ नसलेली पट्टी नुसती शोभेची.

केबलचा दोष ठरवताना खोलीतला फोन काढा, क्रोनवर जोडी सुटी ठेवा आणि मगच मल्टीमीटर ओहमवर लावा. कोरडी जोडी मेगाओहममध्ये दाखवते. काही किलोओहम आले तर ओल आहे. चालू जोडीवर ओहम मोजू नका, आणि रिंग येत असताना उघड्या वायरला हात लावू नका, कारण रिंगचे ७५ ते ९० व्होल्ट एसी चांगलाच झटका देतात. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) गेटवे जोडलेला असताना लावला तर पोर्ट जळण्याची दाट शक्यता असते.

एक गोष्ट मात्र हुकच्या रकान्यातूनही कळणार नाही. मध्येच तुटलेली जोडी आणि व्यवस्थित ठेवलेला फोन हे गेटवेला एकसारखेच दिसतात, दोन्हीकडे करंट शून्य. गेटवेत जीआर-९०९ प्रकारची लाइन टेस्ट असेल तर ती चालवा. बाहेरून आलेले व्होल्टेज, गळती आणि फोनच्या रिंगरचा भार ती मोजते. रिंगरचा भार जवळपास शून्य आला तर पलीकडे फोनच नाही, असे धरा. टेस्ट चालू असताना तो फोन काही सेकंद बंद राहतो, म्हणून पाहुणे खोलीत नसताना उरका.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कार्यालयात चार लँडलाइन एफएक्सओ पोर्टांवर आहेत. ग्राहकाने फोन ठेवला तरी पोर्ट तासन्‌तास ‘बिझी’ दाखवतो. दुपारपर्यंत चारही लाइन अडकतात.

उत्तर : एफएक्सओ पोर्ट टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजपुढे साध्या फोनासारखा वागतो. समोरच्याने फोन ठेवला हे माणसाला टोन ऐकून कळते; गेटवेला ते शिकवावे लागते. ओळखण्याच्या तीन खुणा आहेत: लाइनची वीज क्षणभर जाणे (बरेच गेटवे साधारण ३५० मिलिसेकंदांहून मोठा खंड धरतात), पोलॅरिटी (धन-ऋण टोके) उलटणे आणि बिझी टोन. साध्या लँडलाइनवर पहिल्या दोघींवर विसंबू नका. पोलॅरिटी रिव्हर्सल एक्स्चेंजकडून चालू करून घ्यावे लागते; एसटीडी बूथची बिलिंग मशीन याच खुणेवर चालत असत.

राहिला टोन, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. गेटवे अनेकदा अमेरिकी सेटिंगवर येतो. तिकडचा बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आपल्याकडचा ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. देश ‘इंडिया’ निवडा किंवा हे आकडे हाताने भरा. शक्य असल्यास दुसरा नमुना म्हणून ४०० हर्ट्झ, पाव सेकंद चालू, पाव बंद हा कंजेशन टोनही (मार्ग मोकळा नसल्याचा) द्या. चार आवर्तने जुळल्यावरच कॉल तोडायला सांगा. एक-दोनवर ठेवलेत तर होल्डचे संगीत किंवा एखाद्याचे बोलणेच टोन समजून कॉल तुटेल.

तपासणी सोपी आहे. मोबाइलवरून कॉल करा, कार्यालयात कोणी उचलला की मोबाइलवर तोडा आणि घड्याळ बघा. टोन सुरू झाल्यावर चार आवर्तनांना सहा सेकंद लागतात. साधारण दहा सेकंदांत पोर्ट ‘आयडल’ झाला तर काम झाले. नाहीच झाला तर तो टोन रेकॉर्ड करून संगणकावर त्याची लांबी मोजा. लँडलाइन फायबरवर गेली असेल तर टोन एक्स्चेंजचा नसून तुमच्या जागेतल्या ओएनटी डब्याचा (फायबर जिथे संपते तो) असतो, आणि तो वेगळा निघू शकतो. टोन क्षीण असेल तर इनपुट गेन दोन-तीन डेसिबलने वाढवा. त्याहून जास्त वाढवला तर प्रतिध्वनी सुरू होतो. शांतता ओळखून कॉल तोडणारा टायमरही असतो, पण होल्डवर ठेवलेले ग्राहक त्यात जातात. मी तो अगदी नाइलाजानेच लावेन.

प्रश्न : पुण्याच्या ऑफिसात सिस्को राउटरचे व्हॉइस पोर्ट एसएनएमपी (उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची पद्धत) मॉनिटरिंगला जोडले. कॉल नसताना सगळे लाल, कॉल सुरू झाला की हिरवे! असे उलटे का?

उत्तर : तुमचे सॉफ्टवेअर १ सोडून प्रत्येक आकड्याला बिघाड मानते आहे. इंटरफेसच्या ऑपरेशनल स्टेटसमध्ये १ म्हणजे अप, २ म्हणजे डाउन आणि ५ म्हणजे डॉर्मंट, अर्थात निजलेला पण तयार. रिकामा व्हॉइस पोर्ट ५ दाखवतो. ‘शो व्हॉइस पोर्ट समरी’ या कमांडमध्येही ऑपर रकान्यात ‘डॉर्म’ दिसेल. नियम असा लावा: ५ ठीक, १ वापरात, अ‍ॅडमिन अप असताना २ आले तर अलार्म. १ सलग दोन तास राहिला तर सूचना, कारण तो बहुधा अडकलेला पोर्ट असतो. दर मिनिटाला विचारणे पुरेसे आहे. वीस सेकंदांचा कॉल निसटला तरी बिघडत नाही, कॉलची मोजणी सीडीआरमधून (प्रत्येक कॉलच्या नोंदीतून) करा. राउटर रीबूट झाल्यावर इंटरफेसचे क्रमांक बदलून भलत्याच पोर्टाचा अलार्म येऊ नये म्हणून ‘आयएफइंडेक्स परसिस्ट’ चालू ठेवा.

प्रश्न : लँडलाइनची केबल खोदकामात तुटली, पण गेटवेचा एफएक्सओ पोर्ट दोन दिवस ‘आयडल’च दाखवत होता. आधी कळणार कसे?

उत्तर : निवांत असताना लाइनवर वीज आहे का, हे सगळे गेटवे बघत नाहीत. तुमच्या पानावर लाइन व्होल्टेज किंवा ‘कनेक्टेड’ असा रकाना असेल तर अलार्म त्यावर लावा. अ‍ॅस्टेरिस्क या एक्स्चेंज सॉफ्टवेअरच्या दाहदी कार्डांवर (संगणकात बसणारी लाइन कार्डे) वीज नसलेला एफएक्सओ पोर्ट ‘रेड’ अलार्म देतो. यातले काहीच नसेल तर रोज पहाटे एक साखळी चालवा: पहिल्या लाइनवरून दुसरीच्या नंबरला कॉल, दुसरीवरून तिसरीला, शेवटचीवरून पहिलीला. त्या वेळेपुरते येणारे कॉल उचलू नका, दोन रिंग झाल्या की तोडा. कॉल उचललाच जात नसल्याने बिल येत नाही, आणि रिंगची नोंद झाली म्हणजे दोन्ही लाइन जिवंत.

प्रश्न : पोर्ट अडकला की आम्ही पूर्ण गेटवे रीस्टार्ट करतो. चालेल का?

उत्तर : नको. चालू असलेले सगळे कॉल तुटतात, आणि मेमरीतला लॉग पुसला जाऊन कारणाचा पुरावाही जातो. आधी स्टेटस पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मग तेवढाच पोर्ट बंद करून चालू करा; सिस्कोवर व्हॉइस पोर्टाखाली ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’. लॉग सिसलॉगने दुसऱ्या संगणकावर पाठवत राहा, नेटवर्क पोर्ट यूडीपी ५१४.