प्रश्न तुमचे : आपोआप बनणाऱ्या जाहिराती

जाहिरात संस्थेच्या प्रॉडक्शन विभागात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून माणसागणिक बदलणाऱ्या जाहिरातींबद्दलची या महिन्याची पत्रं संपादकांनी माझ्याकडे ढकलली आहेत. जाहिरात कुणी लिहिली हे सगळे विचारतात, ती दहा साइजमध्ये कुणी बसवली हे कुणी विचारत नाही. तेव्हा मला बरंच वाटलं.

प्रश्न : आमचा बुटांचा ऑनलाइन व्यवसाय आहे, साधारण नऊशे वस्तू. एका सॉफ्टवेअरचा प्रतिनिधी म्हणाला, ‘फक्त यादी द्या, प्रत्येक ग्राहकाला वेगळी जाहिरात दिसेल.’ हे खरं आहे का?

खरं आहे, पण त्या वाक्यातला ‘फक्त’ खोडा.

तुमच्या यादीला या धंद्यात फीड म्हणतात. एका ओळीत एक वस्तू. रकान्यांत क्रमांक, नाव, वर्णन, लिंक, फोटोची लिंक, किंमत, माल शिल्लक आहे की नाही. दुसऱ्या बाजूला टेम्प्लेट, म्हणजे रिकाम्या जागा सोडलेला डिझाइनचा साचा. आणि मधे नियम : काळे बूट पाहून गेलेल्याला काळे बूट दाखवा, पहिल्यांदाच आलेल्याला सर्वांत खपणारे दाखवा. समोरचा माणूस पान उघडतो तेवढ्या वेळात सर्व्हर ओळ निवडतो आणि जागा भरतो. फेसबुकने २०१५ साली अशा जाहिराती सुरू केल्या आणि हे तंत्र हळूहळू छोट्या विक्रेत्यांपर्यंत पोचलं.

म्हणजे जाहिरातीचा मजकूर तुमच्याच तक्त्यातून येणार. नावाच्या रकान्यात ‘बीएलके ४२ एम न्यू’ असेल तर मोठ्या अक्षरांत तेच झळकेल. गोदामातल्या माणसाला ते कळतं, ग्राहकाला नाही. गूगलच्या फीडमध्ये नावाला १५० अक्षरांची मर्यादा आहे, पण जाहिरातीत बहुतेक वेळा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून वस्तू कोणती, रंग कोणता, कुणासाठी, हे आधी येऊ द्या. मॉडेलचा क्रमांक शेवटी.

साचा मंजूर करताना प्रतिनिधी तुम्हाला सुंदर ओळी दाखवेल. तुम्ही कुरूप ओळी मागा : सर्वांत लांब नाव, सर्वांत छोटं नाव, सर्वांत जास्त आकडे असलेली किंमत, फोटो उभा असलेली वस्तू, वर्णनच नसलेली वस्तू. आणि सूट शून्य असलेली ओळ तर हमखास. ‘०% सूट, त्वरा करा!’ असं लाल पट्टीत छापून आलेलं मी पाहिलं आहे. सॉफ्टवेअरची त्यात काही चूक नव्हती; रकान्यात शून्य होतं, त्याने शून्य छापलं. ‘सूट नसेल तर पट्टीच लावू नको’ हा नियम माणसानेच सांगावा लागतो.

फीड रोज निदान एकदा ताजं व्हायला हवं. संपलेल्या मालाची जाहिरात दाखवत राहणं म्हणजे पैसे भरून ग्राहकाची नाराजी विकत घेणं.

प्रश्न : इंग्रजीत नीट चालणारा साचा मराठीत घातला की सगळं बिघडतं. वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं सुटी होतात आणि वाक्यंही विचित्र वाटतात. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, फॉन्ट बदला.

फॉन्ट बदलून यातलं थोडंच सुटेल. तुमच्या एका तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत.

पहिला तांत्रिक. ‘किंमत’ या शब्दातली वेलांटी संगणक ‘क’च्या नंतर साठवतो आणि दाखवताना ‘क’च्या आधी आणतो. ही हलवाहलव, जोडाक्षरं, रफार, हे सगळं करणारा एक वेगळा भाग प्रोग्रॅममध्ये असावा लागतो. ब्राउझरमध्ये तो असतोच. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅम-भाग, वापरतात. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. सॉफ्टवेअरवाले पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पिलो लायब्ररीने चित्रं बनवत असतील तर तिला ‘राक्म’ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीची जोड हवी, नाहीतर वेलांटी उजवीकडेच पडून राहते. तेव्हा त्यांना फॉन्ट नका विचारू, ‘अक्षरांची जुळणी कोण करतं?’ हे विचारा. उत्तर देताना चाचरले तर काय ते समजा. इंग्रजी साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर तेही शून्य करा, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात. आणि अक्षरांची मर्यादा मोजताना सावध राहा. ‘श्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडच्या हिशेबात चार.

दुसरा आजार व्याकरणाचा आहे, आणि मला विचाराल तर तोच खरा. इंग्रजीत रिकाम्या जागेत नाम टाकलं की वाक्य बहुधा चालून जातं. मराठीत ‘___वर सूट’ असा साचा केला की बाहेर पडतं ‘चष्मावर सूट’, ‘घड्याळवर सूट’, ‘बूटवर सूट’. आपल्याला हवं असतं चष्म्यावर, घड्याळावर, बुटांवर. प्रत्यय लागण्याआधी नाम बदलतं हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. लिंगाचीही तीच गत : नवा चष्मा, नवी पिशवी, नवं घड्याळ, नवे बूट. साच्यात ‘नवा’ पक्का केला की पिशवीची फजिती.

उपाय दोन. फीडमध्ये जास्तीचे रकाने करायचे : एकात सामान्यरूप (‘चष्म्या’, ‘बुटां’), दुसऱ्यात लिंग आणि वचन. नऊशे वस्तू असल्या तरी वस्तूंचे प्रकार चाळीस-पन्नासच निघतात, एका दुपारचं काम आहे. किंवा वाक्यच असं रचायचं की नाम मूळ रूपात राहील आणि क्रियापद लागणार नाही. ‘चष्मा आला, पिशवी आली’ यात पडू नका. ‘चष्मा : आता उपलब्ध’ सगळ्यांना चालतं. ‘नवा-नवी-नवं’च्या जागी ‘नवीन’ वापरा, ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. मला स्वतःला पहिला उपाय आवडतो. दुसऱ्याने जाहिराती बिनचूक होतात, पण सगळ्या दुकानाच्या पाटीसारख्या दिसू लागतात.

प्रश्न : मी ग्राफिक डिझायनर आहे. दिवसभर एकाच मास्टरची, म्हणजे मूळ डिझाइनची, अडॅप्टेशन्स करतो, तेच वेगवेगळ्या साइजमध्ये बसवतो. माझी नोकरी जाणार का?

अडॅप्टेशनचं काम जाणार. गोड बोलून उपयोग नाही. ३०० बाय २५०, ७२८ बाय ९०, १६० बाय ६००, ३२० बाय ५० पिक्सेल : एकच मास्टर या चौकटींत हाताने बसवत राहण्याचे पैसे फार काळ कुणी देणार नाही.

पण ७२८ बाय ९० ही लांबट पट्टी आहे आणि १६० बाय ६०० हा उभा खांब. जागा कमी पडली की आधी काय गळेल, नाव किती ओळींपर्यंत जाऊ द्यायचं, अक्षर किती लहान झालं की मजकूरच कापायचा, हे कुणीतरी ठरवायचं असतं. ते तुमच्या हाताला माहीत आहे, आता ते नियमांच्या रूपात लिहायला शिका. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको. तक्त्यातली माहिती डिझाइनमध्ये भरणारं इनडिझाइनमधलं ‘डेटा मर्ज’ आणि फोटोशॉपमधली ‘व्हेरिएबल्स’ तुमच्या संगणकावर कधीची पडून आहेत. आणि एक्सेल शिका. डिझायनर मंडळी एक्सेलला नाकं मुरडतात, ते थांबवा.

प्रश्न : सॉफ्टवेअर पाचशे आवृत्त्या बनवून त्यांतली सर्वांत प्रभावी स्वतःच निवडेल, असं सांगतात. विश्वास ठेवावा का?

बनवेल यावर ठेवा. गूगलच्या एका सर्च जाहिरातीत १५ शीर्षकं आणि ४ वर्णनं देता येतात. त्यांतून तीन शीर्षकं आणि दोन वर्णनं क्रमाने निवडली तर ३२,७६० जोड्या होतात. बनवणं स्वस्त आहे.

निवडण्याचं गणित निराळं. एका आवृत्तीवर शंभरातला एक जण क्लिक करतो आणि दुसरीवर हजारातले बारा, तर हा फरक योगायोगाचा नाही हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी ठरवायला प्रत्येक आवृत्ती सुमारे ४३ हजार वेळा दाखवावी लागते. पाचशे आवृत्त्यांसाठी दोन कोटींच्या वर. तुमची जाहिरात तेवढी दिसते का? हुशार सॉफ्टवेअर सगळ्यांना सारखी संधी देत नाही, चांगली चाललेली आवृत्ती हळूहळू जास्त दाखवत जातं. या पद्धतीचं मूळ विल्यम थॉम्पसन यांच्या १९३३ सालच्या निबंधात आहे. तिथे प्रश्न औषधोपचाराचा होता : दोनांपैकी बरा उपचार शोधताना वाईट उपचार कमीत कमी लोकांच्या वाट्याला कसा येईल. याने नुकसान कमी होतं, पण थोड्या आकड्यांतून ज्ञान पैदा होत नाही. चार आवृत्त्या करा, एकमेकींपासून खरोखर वेगळ्या. बटण हिरवं की निळं, यात आयुष्य घालवू नका.

प्रश्न : मी वडिलांसाठी श्रवणयंत्र शोधलं, विकतही घेतलं. तरी त्याच्याच जाहिराती मागे लागल्या आहेत. माझं नाव घालून जाहिरात येण्याचा दिवसही उजाडेल का?

मागे लागण्याचं कारण साधारणपणे साधं असतं. पाहणाऱ्यांची यादी जाहिरातीला जोडलेली असते, घेतलेल्यांची वगळलेली नसते. शिवाय एका माणसाला दिवसातून किती वेळा दाखवायची याची मर्यादा कुणी घातलेली नसते. दोन्हींची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. हा आळस आहे. फोनच्या आणि खात्याच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद करता येतं. आयफोनवर तर त्याच्या आयओएस प्रणालीच्या २०२१ सालच्या १४.५ आवृत्तीपासून, इतर अ‍ॅपमधला तुमचा माग काढण्याआधी अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. ‘नाही’ म्हणा.

नाव घालणं तंत्राला मुळीच अवघड नाही. पण ‘तुम्हाला मधुमेह आहे ना?’ अशा थाटाची, समोरच्याबद्दल काही ठाऊक असल्याचं सुचवणारी जाहिरात मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, नियमांतही बसत नाही. माझा स्वतःचा नियम आणखी कडक आहे : वस्तू बदला, फोटो बदला, वेळेप्रमाणे मजकूर बदला, माणसाबद्दल एक अक्षर बोलू नका.

प्रश्न : आता एआय चित्रंही बनवतं. मग फोटो काढायचेच कशाला?

पार्श्वभूमी बनवू द्या. वस्तू नको. शिवण बदललेला, एक भोक जास्त असलेला बूट दिसायला झकास असतो, पण तो तुम्ही विकत नाही. खोकं उघडल्यावर ग्राहक तो परत पाठवतो.