इंडोनेशियातले तोराजा लोक मृतदेह वर्षानुवर्षं घरात का ठेवतात? आणि शेवटी पुरतात कुठे?

मुख्य कारण खर्च. दक्षिण सुलावेसीच्या डोंगराळ भागात ‘रांबू सोलो’ हा अंत्यविधी होईपर्यंत माणूस मेला असं धरतच नाहीत. तोवर त्याला ‘तो माकुला’ म्हणतात, म्हणजे आजारी माणूस. त्याच्याशी बोलतात, त्याला जेवण वाढतात. देह टिकवायला हल्ली फॉर्मॅलिन टोचतात. विधीला बळी द्यायला रेडे आणि डुकरं लागतात. घराणं मोठं तर रेडे दोन डझनांवरही जातात. त्यात पांढरे-काळे ठिपके असलेला ‘तेडोंग बोंगा’ सर्वांत महाग. पैसे जमून परगावचे नातेवाईक येईपर्यंत महिने, कधी वर्षं जातात.

‘पुरणं’ हा शब्द मात्र इथे फसवा आहे, कारण देह बहुधा मातीत जात नाही. लेमो या ठिकाणी उभ्या कड्यात हातानं कोरलेल्या खोल्या आहेत, लोंडाला नैसर्गिक गुहा. केते केसूला कड्यालगत टांगलेल्या जुन्या लाकडी शवपेट्या कुजून फुटल्यात, हाडं बाहेर दिसतात. कड्यांतल्या सज्जांत उभे लाकडी पुतळे, ‘ताउ-ताउ’, मृतांचे. ते चोरीला जायला लागल्यावर बऱ्याच घरांनी आत हलवले. दात न आलेलं बाळ गेलं तर, पूर्वी कांबिरा या गावात, जिवंत झाडाच्या खोडात पोकळी करून ठेवत आणि पोकळीचं तोंड ताडाच्या काथ्यानं झाकत.