टार्गेट चुकलं म्हणजे मीच चुकले का?

"मॅडम, मला विकताच येत नाही. मी या लाईनची नाहीच बहुतेक." समुपदेशन करताना मोठ्या दुकानांत सेल्सला असणाऱ्यांकडून हे मी वारंवार ऐकते. त्यातलीच ही एक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरगुती उपकरणांच्या विभागात काम, शिफ्टच्या आदल्या रात्री पोटात गोळा, झोप नाही, घरी सगळ्यांवर चिडचिड.

बोलता बोलता कळलं, की माल ती चांगलाच विकत होती. गिऱ्हाईकं तिला शोधत यायची. अडत होतं ते ॲड-ऑनवर. प्रत्येक वस्तूमागे एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारायची, लॉयल्टी कार्डासाठी मोबाईल नंबर काढून घ्यायचा, 'नको' म्हटलं तरी पुन्हा विचारायचं. गिऱ्हाईक बनून येणारा मिस्टरी शॉपर स्क्रिप्ट तपासणार. सकाळी सगळ्यांसमोर आकडे वाचले जाणार, मग तेच व्हॉट्सॲप ग्रुपवर, तळाची नावं लाल रंगात.

शेवटचं कधी अडखळलीस, असं मी विचारलं.

"एक आजोबा साधी इस्त्री घ्यायला आले होते. पैसे मोजूनच आणलेले. मी वॉरंटीचं बोलायला गेले आणि शब्दच फुटेना. मॅनेजर मागेच उभे."

याला विक्रीकौशल्याची कमतरता कसं म्हणणार? कामाचा रेटा जास्त आणि स्वतः ठरवण्याची मुभा कमी, हे एकत्र आलं की ताण सर्वाधिक, अशी मांडणी कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये केली. हिचं नेमकं तेच. किंमत, ऑफर, स्टॉक, दुकानात येणारी गर्दी, यातलं काहीच हिच्या हातात नाही, आकडा मात्र हिच्या नावावर. वर चेहरा हसरा ठेवायचा, तोही पगारातच धरलेला.

दीर्घ श्वास घेतल्याने टार्गेट कमी होत नाही, हे मी तिला आधीच सांगून टाकलं. ('पॉझिटिव्ह राहा' छापाच्या ट्रेनिंगवर माझा जुना राग आहे.) हातात काय उरतं ते कागदावर काढलं. उरलं एवढंच: एकदा, नीट आणि खरं सांगणं. मग सराव. मी गिऱ्हाईक झाले. सुरुवातीला ती अर्धं वाक्य गिळायची. शेवटी तोंडात बसलं ते असं: "कंपनीची वॉरंटी यात आहेच. ही त्यानंतरच्या मुदतीची, जादा पैसे भरून. घ्यायलाच हवी असं नाही." बस. पुन्हा विचारायचं नाही.

"आणि मॅनेजर ओरडले तर?"

ओरडतील. म्हणून त्याचीही तयारी केली. चारचौघांत वाद घालायचा नाही, एकटं गाठायचं आणि वॉरंटी रद्द करायला परत आलेल्यांची नोंद समोर ठेवायची. ती काउंटरवर होतीच, कुणी उघडून बघत नव्हतं.

आकडे फारसे वाढले नाहीत, घटलेही नाहीत. मॅनेजरांनी पुन्हा विचारायची सक्ती तिच्यापुरती सैल केली. लाल नावांची यादी अजून येते, कारण ती हेड ऑफिसची. झोप मात्र बरीच सुधारली.

आता तिला सर्व्हिस विभागात बदली हवी आहे. अर्जात तिने लिहिलं होतं, 'टार्गेट झेपत नाही.' ते खोडून 'तक्रारी सोडवण्याचा अनुभव' असं लिहायला लावलंय.